रोजच्या गाडीचा गळा

इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, डिकी तेवढीच. फरक एवढाच, की वरच्या मॉडेलला मागे दोन जाडजूड नळकांडी आणि माहितीपत्रकात ‘स्पोर्ट्स एक्झॉस्ट’ असे दोन शब्द जास्तीचे, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणारी नळी मुद्दाम जास्त आवाजाची. घरातली रोजची गाडी बदलायची ठरली तेव्हा माझं घोडं नेमकं इथे अडलं. जागा, सुरक्षितता, सर्व्हिसिंग या प्रश्नांची उत्तरं भराभर मिळाली. हा एक मात्र डोक्यातून जाईना. ऑफिसला जाणं, सामान आणणं, आईला डॉक्टरकडे नेणं, कधीतरी लांबचा प्रवास, एवढंच जिच्याकडून करून घ्यायचं त्या गाडीला गळा हवाच कशाला? आणि नकोच म्हणावं, तर रस्त्यावरून सहा सिलिंडरची एखादी गाडी सूर चढवत गेली की माझी मान आपसूक का वळते?

‘सूर’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, आणि तो वायू नळीत धडक मारत घुसतो. अशी प्रत्येक धडक म्हणजे एक ठोका. ठोके इतक्या भराभर पडतात की कानाला ते सुटे ऐकूच येत नाहीत, त्यांचा सलग सूर होतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या घेताना, सेकंदाला १०० ठोके देतं. तेवढ्याच आरपीएमवर तीन सिलिंडरचं ७५, पाचचं १२५, सहाचं १५० आणि आठचं २००.

आता हे आकडे गाणं शिकलेल्या माणसासमोर ठेवून बघा. १०० ला सा धरला तर १२५ हा शुद्ध गंधार, १५० पंचम आणि २०० तार षड्ज. उरलेला ७५ म्हणजे मंद्र सप्तकातला पंचम, तंबोऱ्याची पहिली तार बहुधा ज्या स्वरात लावतात तो. हे कुणी ठरवून केलेलं नाही, भागाकारच तसा बसतो. पण चार, पाच आणि सहा सिलिंडरच्या तीन गाड्या एकाच आरपीएमवर शेजारी उभ्या केल्या तर सा-ग-प लागेल, ही कल्पना मला फार आवडते. (करून बघायची सोय नाही, ते सोडा.)

अर्थात नुसत्या स्वरावर गळा ठरत नाही. आठ सिलिंडरच्या जुन्या घाटाच्या व्ही८ इंजिनांचा तो गुरगुरता, लडबडता आवाज येतो, कारण सगळे ठोके मिळून समान अंतरावर पडत असले तरी प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके त्या त्या बाजूच्या नळीत मागेपुढे पडतात. सुबारूच्या आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनांची प्रसिद्ध घरघरही अशीच. तिथे सिलिंडरपासून निघणाऱ्या नळ्या कमीजास्त लांबीच्या होत्या, त्यामुळे ठोके एकत्र येताना त्यांची लय मोडायची. पुढे काही मॉडेलांत सुबारूने त्या नळ्या समान लांबीच्या केल्या आणि घरघर गेली. ज्यांना ती हवी होती ते हळहळले. म्हणजे आपण ज्याला गाडीचा स्वभाव म्हणून कौतुकाने मिरवतो तो पुष्कळदा पाइपांच्या लांबीतला असमतोल असतो. त्याने कौतुक कमी व्हावं असं नाही. माणसांच्या आवाजातही काहीसं असंच असतं.

रोजच्या गाडीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे हल्ली तीन किंवा चार सिलिंडर, आणि त्यांच्या तोंडाशी टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. टर्बोचं चाक याच धडकांवर फिरतं, म्हणजे आवाजाचा बराचसा जोर ते आधीच खाऊन टाकतं. पुढे धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. युरोपात २०१८ च्या सुमारास थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना काजळीचे कण अडवणारा फिल्टरही आला. एवढ्या चाळण्यांतून जे मागच्या नळीपर्यंत पोचतं त्याला आवाज म्हणावं की उसासा, हा प्रश्नच आहे. त्यामुळे अशा गाडीवर ‘स्पोर्ट्स एक्झॉस्ट’ लिहिलेलं असतं तेव्हा तो इंजिनाचा उपजत गळा नसतो, कंपनीतल्या ध्वनी अभियंत्यांनी बसून घडवलेला असतो. घडवलेला म्हणून तो कमअस्सल ठरतो असं मी म्हणणार नाही. रियाज केलेला गळाही घडवलेलाच की.

माझी अडचण दुसरीच आहे. हा गळा लागतो कधी? अभियंते तो घडवतात तो पाय पूर्ण दाबून, ४००० च्या वरच्या आरपीएमसाठी. रोजच्या गाडीचं आयुष्य जातं १५०० ते २५०० च्या दरम्यान, पाय जेमतेम टेकलेला असताना. तिथे चार सिलिंडरची गाडी २००० आरपीएमवर सेकंदाला ६७ ठोक्यांच्या, म्हणजे ६७ हर्ट्‌झच्या आसपास बोलते, तीन सिलिंडरची ५० वर. हा खर्ज कानाला सूर म्हणून फारसा कळत नाही, तो छातीला आणि कानशिलांना कळतो. बंद गाडीतली हवा, छताचा पत्रा, डिकीचं दार ही सगळी मंडळी याच पट्ट्यात थरथरायला उत्सुक असतात. एखाद्या विशिष्ट वेगाला त्यांचं आणि ठोक्यांचं जमलं की गाडी आतून घुमायला लागते. वेग थोडा वाढवला की घुमणं जातं, कमी केला की जातं. पण वाहतूक नेमकी त्याच वेगाने चाललेली असते, आणि पुढचा तासभर आपण एखाद्या रिकाम्या पिंपात डोकं घालून बसल्यासारखे प्रवास करत राहतो.

वरच्या मॉडेलची चाचणी फेरी घेतली तेव्हा आई मागे बसली होती. मी पुढे खुशीत होते. मोकळा रस्ता मिळाला, मी एकदा तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला, मागून छान खरखरीत आवाज उमटला. मग वेग स्थिर केला, गाडी पाचव्यात टाकली. दोन मिनिटं गेली असतील. आई पुढे वाकली, माझ्या सीटच्या पाठीला हात लावला आणि विचारलं, “गाडीला काही झालंय का गं?” विक्रेता हसला. मला हसू आलं नाही, कारण तिने हात जिथे टेकवला होता ती सीटची पाठ खरंच बारीक थरथरत होती आणि मला ते तोवर जाणवलंच नव्हतं. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर, पायावर, आरशांवर वाटलेलं असतं. मागच्या माणसाला काही काम नसतं. तो फक्त ऐकतो.

आमच्या दादाच्या गाडीला बाहेरून बसवलेला सायलेन्सर आहे. ती लिफ्टवर चढवलेली असताना मी खाली उभी होते. काढलेला मूळ सायलेन्सर भिंतीला टेकवून ठेवला होता. जड, चपटा, शिवणीवर गंज धरलेला, त्यावर खडी लागून पडलेले पोचे. नवा मात्र चकाचक, हलका, एका हाताने उचलावा असा. मेकॅनिकने पान्याने दोन्ही वाजवून दाखवले. मूळचा ‘धप्प’ वाजला, नवा ‘टण्ण’. मूळच्यात आत पत्र्याच्या भिंती घालून केलेले कप्पे असतात. वायू एकातून दुसऱ्यात, वळून तिसऱ्यात जातो, आणि या येण्याजाण्यात लहरी एकमेकींवर आपटून जिरतात. नव्यात जवळपास सरळ जाणारी भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचं वेष्टण. हे तंतू वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि धडकांनी हळूहळू झिजतात, उडून जातात, म्हणजे आवाज वयाबरोबर वाढत जातो.

दादाला पहिले काही आठवडे ब्रह्मानंद होता. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर लांबच्या प्रवासातलं ते घुमणं त्याच्याही डोक्यात जायला लागलं. त्यावर इलाज आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. मुख्य नळीला एका बाजूने बंद असलेली एक आडनळी जोडायची. तिच्यात शिरलेली लहर बंद टोकावर आपटून परत येते ती बरोबर उलट्या पावलांनी, आणि मूळ लहरीला मारते. त्यासाठी आडनळीची लांबी नको असलेल्या लहरीच्या पाव भागाइतकी लागते. १०० हर्ट्‌झ मारायचा तर गरम एक्झॉस्टमध्ये ती साधारण सव्वा मीटर येते. एवढी नळी गाडीखाली कुठे बसवायची यावर दादा आणि मेकॅनिक यांचा मोठा खल झाला. म्हणजे आधी पैसे मोजून आवाज आणायचा, मग पैसे मोजून त्यातला नको तेवढा घालवायचा. कंपनीने दिलेल्या त्या गंजक्या, चपट्या डब्यात हे सगळं आधीच होतं.

दुसरा मुद्दा शेजाऱ्यांचा. तो झटकन संपवता आला असता, पण सकाळच्या स्टार्टबद्दल बोललंच पाहिजे. थंड इंजिन सुरू होतं तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार असतो आणि गार असताना तो काम करत नाही. त्याला लवकर तापवायचं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर आरपीएम चढे ठेवतो आणि ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो, म्हणजे जळत्या वायूची जास्त ऊब नळीत जाते. उबेबरोबर आवाजही जातो. त्यामुळे गाडीचा सगळ्यात उद्धट क्षण येतो तो नेमका पहाटे, इमारतीतले लोक झोपलेले असताना. मागची नळी बाहेर तोंड करून असते. चालक आत काचा लावून बसलेला, हौस त्याची आणि श्रोते बाकीचे. डेसिबलचं गणितही फसवं असतं. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा ‘थोडासाच जास्त आहे’ या म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलं आहे. त्याच्या वर गेलं की झोप बिघडते.

एवढं सगळं मांडल्यावर मी सरळ म्हणायला हवं, की रोजच्या गाडीला आवाज नकोच. पण ते मला पटत नाही. बंद काचांच्या, अगदी निःशब्द गाडीत मी वेगाने जाते आणि मला कळत नाही. हे माझ्यापुरतं नाही. आवाज कमी केला की माणसाला वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. गियर कधी बदलायचा हे शिकताना कुणीही आरपीएमच्या काट्याकडे बघत नाही, कानच सांगतो. चढावर इंजिन दमलं की कानाला आधी कळतं, डॅशबोर्डला नंतर. गाडी चालवणं हे काम आहे आणि त्या कामात आवाज ही बातमी आहे. ती बंद केली तर गाडी आरामशीर होते खरी, पण मग मी चालवते आहे की नुसती बसले आहे, असं होतं.

तर मग प्रश्न एवढाच उरतो, की ही बातमी कुठून यावी. माझं उत्तर: पुढून. इंजिन हवा आत ओढतं तेव्हाही आवाज होतो, आणि तो आवाज पायाशी इमान राखून असतो. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पाय हलका असताना थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली, त्यामुळे आवाज अडलेला. पाय दाबला की झडप उघडते आणि एअर फिल्टरच्या डब्यातून खोल, रुंद असा ‘हाऽऽ’ येतो. तो येतो चालकाच्या पुढ्यात. मागच्या सीटला थोडाच पोचतो आणि फुटपाथवरच्या माणसाला जवळपास नाहीच. टोयोटाच्या २०१२ च्या जीटी८६ मध्ये तर एक नळी या इनटेकपासून थेट चालकाच्या पायांपुढच्या भिंतीपर्यंत आणली होती, मधे फक्त एक कंप पावणारा पडदा. काहींनी त्यावर नाकं मुरडली, ही नक्कल आहे म्हणून. मला तो फार शहाणा उपाय वाटतो. आवाज ज्याला हवा त्यालाच, जेव्हा मागितला तेव्हाच.

नकलेची गोष्ट निघालीच आहे तर स्पीकरबद्दल. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज म्युझिक सिस्टिममधून ऐकवायला सुरुवात केली तेव्हा मोठा गदारोळ झाला. फोक्सवॅगनच्या कितीतरी गाड्यांत काचेच्या खालच्या बाजूला एक वाटीएवढं यंत्र असतं, ते पत्र्यालाच थरथरवून गुरगुर काढतं. लोक ते शोधून त्याची वायर काढून टाकतात. आणि याच्या अगदी उलट काम होंडा करत होती. त्यांची सहा सिलिंडरची काही इंजिनं सावकाश चालताना तीन सिलिंडर बंद ठेवायची. सहाचे तीन झाले की ठोके निम्मे, सूर एक सप्तक खाली, म्हणजे थेट त्या घुमणाऱ्या पट्ट्यात. तेव्हा होंडाने मायक्रोफोन लावून, स्पीकरमधून उलटी लहर सोडून ते घुमणं मारलं. तेच स्पीकर एकाकडे आवाज घालायला, दुसऱ्याकडे काढायला. मला विचाराल तर होंडाचं काम जास्त अवघड आणि जास्त उपयोगी. पण त्याची जाहिरात कोण करणार? न आलेला आवाज ऐकवायचा कसा?

नकली आवाजाला माझा सरसकट विरोध नाही. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत खोटे गियर आहेत, खोटा रेडलाइन (फेऱ्यांची कमाल मर्यादा) आहे, आणि गियर बदलायला विसरलं तर गाडी खोट्या मर्यादेवर खरोखर अडखळते. हे नाटक म्हणून मला चालतं, कारण नाटक पायाशी बांधलेलं आहे. मी जे केलं त्याचं फळ मला ऐकू येतं. चालत नाहीत ते फटाके. पाय उचलल्यावर मागून फट-फट-फटाक वाजतं ते. रॅलीच्या गाड्यांत त्याला कारण होतं, टर्बोचं चाक मंदावू नये म्हणून पाय वर असतानाही नळीत इंधन जाळत ठेवायचे. रोजच्या गाडीत ठिणगी उशिरा टाकून, इंधन मुद्दाम नळीत जाळून, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला चटके देत हे घडवून आणतात. कशासाठी, तर पुढच्या सिग्नलला थांबण्याआधी कुणीतरी दचकावं म्हणून.

कारखान्यातून झडपेसह येणारे एक्झॉस्ट मला मान्य होण्याजोगे वाटतात. नळीत एका दांड्यावर रुपयाएवढी नव्हे, चांगली बशीएवढी गोल चकती, मोटरने फिरणारी. मिटली की वायू लांबच्या, कप्प्यांच्या वाटेने जातो. उघडली की सरळ. माझं म्हणणं फक्त तिच्या सवयीबद्दल आहे. गाडी सुरू होताना ती मिटलेलीच असावी, आणि उघडायची तर चालकाने बटण दाबून उघडावी. काही गाड्या नेमकं उलट करतात, स्टार्टला झडप सताड उघडून एक डरकाळी फोडतात, मग गप्प होतात. शोरूममध्ये त्याचा परिणाम चांगला होतो म्हणे.

आम्ही खालचं मॉडेल घेतलं. पण या शोधात गाडी बघायची माझी एक पद्धत पक्की झाली. काचा बंद करायच्या, वरच्या गियरमध्ये रोजच्या वेगाला गाडी स्थिर ठेवायची आणि मागे बसलेल्या माणसाशी बोलायचं. आवाज चढवावा लागला तर ती गाडी बाद. मग मोकळा रस्ता बघून तिसऱ्यात पाय पूर्ण दाबायचा आणि रेडलाइनपर्यंत गाडी पुढून काय सांगते ते ऐकायचं. काहीच सांगत नसेल तर तीही माझ्या लेखी निम्मी बाद. दोन्हीला मिळून दहा मिनिटं लागत नाहीत. विक्रेते मात्र सहसा गाडी जागेवरच उभी ठेवतात, बाहेर आपल्याला नळकांड्यांपाशी उभं करतात आणि न्यूट्रलमध्ये रेस करून दाखवतात. त्यात इंजिनावर काडीचाही भार नसतो आणि आपण तर गाडीतही नसतो.